जिभेची गाठ

आमच्या कुंभारीत एखादं मूल उशिरा बोलायला लागलं, की सगळ्यात आधी संशय जातो भाषेवर. "घरात चार भाषा, मग लेकरू गोंधळणारच की!" हे वाक्य मी तेलुगू घरात ऐकलंय, कन्नड घरात ऐकलंय आणि आमच्या नात्यागोत्यातही ऐकलंय. निदान सगळ्यांचं एकच आणि उपायही एकच: घरातली एक भाषा बंद करा. कोणती बंद करायची हेही न बोलता ठरलेलं असतं. बहुतेक वेळा ती आईची असते.

ज्यांनी कुंभारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. बाहेरच्या लोकांना ते माहीत झालं ते विडी वळणाऱ्या बायकांच्या घरांमुळे. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथे उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांच्या ताब्यात आली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. एवढी माणसं एका ठिकाणी आली ती आपापल्या भाषा घेऊनच. पद्मशाली घरांत तेलुगू, सीमेकडून आलेल्यांची कन्नड, आमची दखनी उर्दू आणि सगळ्यांना सांधणारी सोलापुरी मराठी. नळावर गर्दी झाली की पाणी, पानी, नीळ्ळू आणि नीरू हे चारही शब्द एका दमात कानावर येतात. पाणी मात्र एकच असतं आणि ते कुणाला कळत नाही असं होत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे या बाबतीत लोक मला हमखास विचारतात. मागे एका पालकसभेनंतर एक आई थांबली. मोठी मुलगी आमच्याकडे शिकते, कडेवर अडीच वर्षांचा मुलगा. म्हणाली, "आपा, ये छोटा बात नै करता. इसकू उर्दू में डालूं की मराठी में?" मी विचारलं, घरी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतेस? ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, घरच्यांनी सांगितलंय की दखनी बोलायची नाही, पोराशी मराठीतच बोलायचं, नाहीतर तो गोंधळतो. मी म्हटलं, मग काय बोलतेस? "बस, खा, झोप, नको करू." तिच्याकडे मराठी तेवढीच होती.

मला सगळ्यात गंभीर वाटतं ते हे. त्या मुलाला दिवसभरात चार हुकूम ऐकू येत होते. आईकडे दखनीत अंगाई होती, चिडवणं होतं, नानीच्या गावाच्या गोष्टी होत्या, रागावून मग कुशीत घेताना बोलायचे शब्द होते. ते सगळं गोंधळ होऊ नये म्हणून कुलूपबंद झालं. जे मूल आधीच कमी बोलतं, त्याच्या कानावर पडणारं बोलणंच आपण कमी केलं. उपाशी मुलाच्या ताटातली एक भाकरी काढून घ्यावी, तसा हा उपचार आहे.

वाक्-भाषा तज्ज्ञ आता याबाबत अगदी स्पष्ट बोलतात. दोन किंवा तीन भाषांच्या घरात वाढल्याने मूल मुकं होत नाही आणि त्याच्या बोलण्यात दोषही येत नाही. पहिला शब्द, मग दोन शब्दांचं वाक्य, हे टप्पे अशी मुलंही एकभाषी मुलांच्याच वयात गाठतात. सुरुवातीला ती भाषांची सरमिसळ करतात. "अम्मी, मला पानी होना" म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. जिथून शब्द मिळाला तिथून उचलून ते आपलं काम भागवतं. आपण मोठे "मोबाईल चार्जिंगला लाव" म्हणतो, तसंच ते. मोजताना मात्र एक काळजी घ्यायला हवी. मूल किती शब्द बोलतं हे बघताना सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे. मराठीत दहा, उर्दूत पंधरा आणि शेजारच्या तेलुगू आजीकडून उचललेले पाच, तर त्या मुलाकडे तीस शब्द आहेत. फक्त मराठीचे दहा मोजून घाबरायचं कारण नाही.

मग घाबरायचं कधी? भाषा निर्दोष आहे म्हटल्यावर दुसरं टोक गाठून "बोलेल आपोआप" म्हणणं हेही तितकंच धोक्याचं आहे. काही खुणा प्रत्येक आईबापाला माहीत असाव्यात. पहिल्या वर्षाच्या आतच मूल बा-बा, दा-दा असं बडबडायला लागतं. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारली की वळून बघतं, टाटा करतं. दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवतं आणि काही मोजके शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडतं: "अब्बू गेले", "दूध नको". दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत शब्दांची जोडी नसेल, नावाला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल, तर दाखवायला न्यावं. आणि आधी येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, एक दिवसही थांबू नये.

हे सांगितलं की घरातल्या मोठ्यांची उत्तरं तयार असतात. "याचा बापही चार वर्षांनी बोलला." "मुलगे उशिराच बोलतात." मुलींपेक्षा मुलगे थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक थोडाच असतो. त्याच्या नावावर दोन वर्षं काढता येत नाहीत. शिकलेल्या घरांत आइन्स्टाइनचं नाव निघतं. तोही उशिरा बोलला आणि बघा केवढा झाला! आइन्स्टाइनने स्वतःच उतारवयात एका पत्रात लिहिलंय की त्याच्या उशिरा बोलण्याने आईवडील काळजीत पडले होते आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता. लोक त्याचं उदाहरण डॉक्टरकडे न जाण्यासाठी देतात. त्याच्या आईवडिलांनी मात्र एकोणिसाव्या शतकातल्या त्या काळातही उलटच केलं होतं.

घरगुती उपायही असतात. कुणी वेखंड मधात उगाळून चाटवतं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घालतं. पोपटाच्या पेरूने बोलायला येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं तर धोक्याचं आहे. त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. कुणी म्हणतं जिभेखालची तार कापा. ती तार आखूड असली तर अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, एखादा उच्चार अडू शकतो. पण तिच्यामुळे मूल बोलायचंच राहत नाही.

या सगळ्यात जी गोष्ट सर्वांत आधी तपासायला हवी, ती सर्वांत शेवटी तपासली जाते. ती म्हणजे कान. आमच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी आली होती. अतिशय शांत. घरचे म्हणायचे, लाजाळू आहे. ती सतत माझ्या तोंडाकडे बघायची. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिचा हात थांबायचा. दोन-तीन दिवस मी मुद्दाम पाहिलं आणि मग आईवडिलांना बोलावलं. तेव्हा कळलं की अडीच वर्षांची असताना त्यांनी तिला एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे सांगितलं गेलं की घरात दोन भाषा आहेत, एकच बोला, पाचव्या वर्षापर्यंत थांबा. ते थांबले. आता तपासणी झाली तर दोन्ही कानांना मध्यम बहिरेपण. मशीन बसलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आज ती बोलते, लिहिते, हसते. पण स आणि श तिला अजून वेगळे करता येत नाहीत, आणि ज्या चार-साडेचार वर्षांत मूल हजारो शब्द गोळा करतं ती तिची अर्धवट ऐकण्यात गेली.

तिच्या आईने मला विचारलं होतं, "आपा, थाली बजाए तो पलटती थी ना!" ताट वाजवलं की वळायची, दार आपटलं की दचकायची. म्हणून कुणालाच शंका आली नाही. बहिरेपण म्हणजे काहीच ऐकू न येणं अशी आपली समजूत असते. ताटाचा आवाज मोठा असतो. स, फ, त यांसारखे व्यंजनांचे आवाज फार बारीक असतात. ताट ऐकणाऱ्या कानाला "सफरचंद" मधला अर्धा शब्दच ऐकू येत असेल. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकू कमी येतं, आणि ते तर उपचाराने बरं होतं. म्हणून घरातली टाळी-ताट परीक्षा पुरेशी नाही. तान्ह्या बाळाचीही करता येते अशी ओएई चाचणी काही मिनिटांची असते आणि बेरा ही चाचणी मूल झोपेत असताना होते. दोन्हींत दुखत काही नाही.

आणि यासाठी फार लांब जावं लागत नाही. आपल्या कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्यात विकासातला उशीर, ऐकणं, बोलणं हे सगळं तपासतात आणि गरज असेल तर पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. लसीकरणाचं जे माता व बाल संरक्षण कार्ड आपण जपून ठेवतो, त्याच्या आत कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं हे चित्रांसकट छापलेलं असतं. आपण फक्त लशीच्या तारखेचं पान उघडतो. मुंबईत वांद्र्याला तर १९८३ पासून याच कामाची राष्ट्रीय संस्था आहे, अली यावर जंग यांच्या नावाची. उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू राहिलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हे गृहस्थ. उर्दू शिकवणाऱ्या मला ते नाव बहिऱ्या-मुक्या लेकरांच्या कामाला दिलेलं पाहून बरं वाटतं.

आता आयांविषयी. मूल बोललं नाही की बोट त्यांच्याकडेच जातं. "मोबाईल दिला हातात, मग कसं बोलणार?" मोबाईल नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको. पण ज्या बाईच्या मांडीवर सूप आहे, जिला संध्याकाळपर्यंत विड्यांचा आकडा पुरा करायचा आहे, तिने मोबाईल हौसेने दिलेला नसतो. तिला दोष देऊन मूल बोलणार नाही. तिच्याकडे हात मोकळे नाहीत, पण तोंड मोकळं आहे. पान कापताना पानाविषयी बोला. विड्या मोजताना मोठ्याने मोजा. मूल "बू" म्हणालं तर "हौ, बस गयी, लाल बस" म्हणा आणि थोडं थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. आणि हे तुमच्या भाषेत करा. ज्या भाषेत तुम्हाला स्वप्नं पडतात, ज्या भाषेत तुम्ही भांडता. मराठी शाळेत मी शिकवीन. जे मूल घरच्या भाषेत गोष्ट सांगू शकतं, त्याला दुसरी भाषा शिकवणं मला कधीच जड गेलेलं नाही. ज्याच्याकडे कोणतीच भाषा पुरी नसते, त्याला शिकवताना जीव मेटाकुटीला येतो.

आमच्या घरांत मूल बोलत नसेल तर दादी-नानी हजरत मूसांची दुआ पढून त्याच्यावर फुंकर घालतात. जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना माझं बोलणं कळावं, अशी ती मागणी आहे. मी कुणाला ती पढू नका म्हणत नाही, मीही पढते. फक्त एवढंच सांगते की ती दुआ तिथे संपत नाही. लगेच पुढे मूसा आपल्या भावाची, हारूनची साथ मागतात. आपल्या नबीला जर मदतीला माणूस मागावासा वाटला, तर आपण आपल्या लेकरासाठी कानाचा डॉक्टर मागण्यात कमीपणा कसला?

पालकसभेनंतर थांबलेल्या त्या आईला मी दोन गोष्टी सांगितल्या: आधी पोराचे कान तपासून घे, आणि आज घरी गेल्यावर त्याच्याशी दखनीत बोल. शाळेचं माध्यम नंतर ठरवू, त्याला अजून वेळ आहे. अंगणवाडीत पुढच्या वेळी तपासणीचं पथक येईल तेव्हा असं कुणाचंही मूल घरी ठेवू नका आणि "लाजाळू आहे" म्हणून त्याला पदराआड घेऊ नका. पुढे आणून बसवा आणि स्पष्ट सांगा, आमचं मूल बोलत नाही, बघा.