कानावरचं वजन

भेटणारा प्रत्येक जण कॅमेऱ्याबद्दल विचारतो. लेन्स कुठली, रिझोल्यूशन किती. हेडफोनची चौकशी आजवर कुणी केली नाही. मला मात्र या धंद्यातलं जे काही येतं, ते बरंचसं त्यानंच शिकवलंय.

मी मूळचा वही-पेनवाला. साप्ताहिकांत रिपोर्ताज लिहायचो, अनिल अवचटांचं लेखन अंगात भिनलेलं. एका माहितीपटाची संहिता लिहायला म्हणून गेलो, ऐनवेळी साउंडवाला आजारी पडला आणि त्याचा नाग्रा टेपरेकॉर्डर माझ्या खांद्यावर आला. बारा जाड सेल पोटात घेतलेलं ते धूड! १६ मिमीचा चारशे फुटी रोल अकरा मिनिटांत संपायचा, म्हणून माणूस रंगात आल्याशिवाय दिग्दर्शक कॅमेरा सुरू करू द्यायचा नाही. टेप मी आधीपासूनच फिरती ठेवायचो. कामाचं बोलणं बहुतेकदा तिथंच सापडायचं.

पुढे स्वतःच्या फिल्म करू लागलो तरी हेडफोन दुसऱ्याच्या हवाली केला नाही. ऊसतोड कामगारांवर काम करत होतो तेव्हाची गोष्ट. फडाजवळच्या कोपीत बीडकडच्या एक बाई उचलीबद्दल बोलत होत्या. "कसली फिटतीय," म्हणाल्या. कानात त्यांच्या बांगड्या, मागं किरकिरणारं पोर, आणि लांबून येऊन थांबलेली एक मोटरसायकल. मुकादमाची. बाईंनी मान वळवली नाही, पण आवाज उतरला. पुढचं वाक्य होतं, "मुकादम चांगला हाय आमचा."

दोन्ही वाक्यं अवतरणचिन्हांत घालून लेख लिहिता आला असता; बाई गोंधळलेल्या वाटल्या असत्या, एवढंच. मी मोटरसायकल लिहिली, गाव आणि नाव गाळून. फिल्ममधून मात्र तो सगळा तुकडा काढून टाकला. कागदावर चेहरा झाकता येतो, पडद्यावर बाई दिसणार होत्या, आणि ती गाडी पुढच्या हंगामातही तिथंच येऊन थांबणार होती. "लेखन आणि फिल्म यांत काय फरक?" असं परिसंवादात विचारतात, तेव्हा मला हीच गाडी आठवते.

आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या 'हमारा शहर' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गातात. १९९७ला मुंबईतल्या रमाबाई नगरात पोलिसांनी दलितांवर गोळीबार केला, त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी जीव दिला. त्यातून निघालेली 'जय भीम कॉम्रेड' ही पटवर्धनांची फिल्म पूर्ण व्हायला २०११ उजाडलं. ओळखीच्या माणसाचा आवाज तो गेल्यावर एडिटवर मागं-पुढं फिरवायचा, या कामाची कल्पनाच मला जड जाते.

आता रेकॉर्डर खिशात मावतो आणि बोलण्याचा मजकूर मशीनच उतरवून देतं. त्यात खोकला नसतो, अडखळणं नसतं, मोटरसायकल तर नसतेच. माझ्याबरोबरची पोरं तेवढ्यावर एडिट करू पाहतात. मी त्यांना सगळं ऐकायला लावतो, ती वैतागतात. वैतागू देत.

परवा एका आजींकडे शूट होतं. पंखा खडखडत होता. आमच्या साउंडच्या मुलीनं अदबीनं विचारलं, "आजी, पंखा बंद करू का? आवाज येतोय."

"येऊ दे की," आजी म्हणाल्या. "उकडतंय मला."

फिल्ममध्ये पंखा आहे. अगदी शेवटपर्यंत.