जेनबाई आणि आमच्या सासूबाई



जेन गुडॉल १ ऑक्टोबर २०२५ला गेल्या. वय ९१, आणि तेही व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना. मी बातमी मोठ्यानं वाचत होते, सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"माकडांच्या मागे जन्म घालवला? आणि घरच्यांनी जाऊ दिलं?"

म्हटलं, आई स्वतःच बरोबर गेली होती. १९६०च्या जुलैत जेन टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेला पोहोचली तेव्हा ती २६ वर्षांची. एकट्या परदेशी मुलीला जंगलात राहायला सरकार परवानगी देईना, म्हणून आई व्हॅन सोबत आली आणि तंबूबाहेर आजूबाजूच्या कोळ्यांना साधी औषधं देत बसली. ही तीच आई. लहानपणी कोंबडी अंडं कसं घालते ते बघायला जेन तासन्‌तास खुराड्यात लपली होती. घरचे शोधून थकले. सापडल्यावर आईनं रागावण्याऐवजी आधी तिची सगळी हकिगत ऐकली. (मी असते तर? दोन धपाटे नक्की.)

जेनजवळ पदवी नव्हती, सेक्रेटरीचा कोर्स केलेला. नैरोबीत लुई लीकींना तिची चिकाटी दिसली आणि त्यांनी तिला गोंबेला पाठवलं. चिंपांझी कित्येक महिने तिला बघताच पळायचे. शेवटी पांढऱ्या हनुवटीच्या एकानं धीर केला. त्याचं नाव तिनं ठेवलं डेव्हिड ग्रेबिअर्ड. गवताची काडी वारुळात घालून तो वाळवी बाहेर ओढताना तिला दिसला. हत्यार फक्त माणूस वापरतो, ही समजूत तिथं मोडली.

"वाळवी खातात?" सासूबाईंचा हात थांबला. मांसही खातात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिर्यंच गती ती. त्यांना कुठली व्रतं!" जेनबाईंनी मात्र पुढे मांसाहार सोडला, हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

केंब्रिजला पीएचडी करताना तिला सांगितलं गेलं की प्राण्यांना नावं नाही, आकडे द्यायचे. तिनं ऐकलं नाही. मन असलेला तो संज्ञी पंचेंद्रिय, हे आपण पाठशाळेत घोकलेलं असतं. पण घोकणं वेगळं आणि पावसात ओलं होत वर्षानुवर्षं बघत बसणं वेगळं.

खरं लिहायचंय ते पुढचं. १९६६मध्ये गोंबेत पोलिओ आला. तिनं केळ्यांत घालून लस दिली, तरी काही चिंपांझी लुळे झालेच. मॅकग्रेगर नावाच्या म्हाताऱ्या नराचे दोन्ही पाय गेले. हातांवर अंग ओढत तो इतरांजवळ जायचा, ते त्याला बघून बाजूला सरकायचे. एकटा हम्फ्री त्याच्याजवळ राहिला. गोलियथ नावाचा बलदांडगा नर मॅकग्रेगरवर धावून आला, तर एरवी त्याला घाबरणारा हम्फ्री मध्ये पडला. जेन आणि तिचा नवरा ह्यूगो मॅकग्रेगरला खाऊपिऊ घालत होते. शेवटी त्याचा एक हातही निखळला. मग त्यांनी त्याला गोळी घातली.

मी इथं वाचायची थांबले. आमचा मोती दोघींनाही आठवला. नऊ वर्षांपूर्वी ट्रकखाली त्याचे मागचे पाय गेले होते. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊ, सुटेल. सासूबाई म्हणाल्या, "आयुष्य आपण दिलेलं नाही." अकरा दिवस त्या त्याला वाटीनं दूध पाजत, जखमा पुसत, कानात णमोकार म्हणत. तो रात्रभर विव्हळायचा. मी कानांवर उशी घेऊन झोपायचे, आणि इंजेक्शन द्यायला हवं होतं असं मनात म्हणायचे. उघडपणे कधी बोलले नाही. नऊ वर्षांनी त्या दुपारी बोलले.

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही वाटायचं. म्हणून तर रात्री त्याच्याजवळ बसायचे."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि तो दुसरा? हम्फ्री?"

मी सांगितलं, मॅकग्रेगर गेल्यावरही तो कित्येक दिवस त्या जागी येत राहिला.

"त्याला कुणी सांगितलं नसणार ना," त्या म्हणाल्या, आणि टरफलांचं सूप उचलून आत गेल्या.