२१ मायक्रॉन

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे रविवारी सकाळी माझ्यापुढे एकच प्रश्न असतो: आज शिफ्ट कुठली? सेकंड असेल तर उपासनेला जाता येतं. फर्स्ट असेल तर चर्चमध्ये पहिलं गीत सुरू होतं तेव्हा मी पार्ट मोजत असतो.

मी मूळचा नगरचा. शब्बाथशाळेत जक्कयची गोष्ट आम्ही सगळ्यांनीच ऐकलेली. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. लहानपणी मला त्या झाडाचं कौतुक होतं. जकातनाका कळला तो भोसरीत आल्यावर.

मी क्वालिटीत आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपात बसणारा एक छोटा पार्ट आम्ही बनवतो. त्याचा बोअर २५ मिलिमीटर. ड्रॉइंगवर एच७ लिहिलेलं, म्हणजे २५.००० च्या खाली नको आणि २५.०२१ च्या वर नको. मुभा फक्त २१ मायक्रॉनची. माणसाचा केससुद्धा साधारण याच्या तिप्पट जाड असतो. ५०० च्या लॉटमधले २० नग मोजायचे, रीडिंग्ज रिपोर्टवर लिहायची, खाली सही करायची.

मार्चअखेरचा शनिवार. बोअर गेज कॅलिब्रेशनला गेलेलं, टेम्पो गेटवर उभा. सर म्हणाले, "मागच्या लॉटची रीडिंग्ज टाक, थोडी खालीवर कर."

मी टाकली. २५.००८, २५.०११, २५.००९. खोट्या आकड्यांनाही हातोटी लागते, सगळे सारखे दिसून चालत नाहीत. पाच मिनिटांत २० वेळा खोटं बोललो आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. सकाळी उपासनेत सगळ्यांबरोबर पापांगीकाराची प्रार्थना म्हटली. काहीच जड गेलं नाही.

त्या आठवड्यात डबा खाताना एक मित्र चेष्टेत म्हणाला, "तुझं बरंय, तुमच्यात माफी मिळते ना?" मीही हसलो. पण घास घशाखाली उतरेना. मी माफी तशीच वापरत होतो, मोबाइलच्या रिचार्जसारखी. संपली की परत मारायची.

रात्री लूकचं शुभवर्तमान उघडलं. पाचव्या अध्यायात लेवी जकातनाक्यावरून उठतो आणि सगळं सोडून येशूमागे जातो. मलाही राजीनामा देऊन मोकळं व्हायचं होतं. पण रूमचं भाडं होतं, बाबांची औषधं होती. तिसऱ्या अध्यायात जकातदार योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो नोकरी सोडा म्हणत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. आणि एकोणिसाव्यात जक्कय. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. नाका सोडल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी तो तिथेच जाऊन बसला असेल, त्याच लोकांसमोर.

दोन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी, २० पैकी दोन नगांचे बोअर लहान निघाले. टेम्पो उभाच होता. सरांचं वाक्यही तेच. मी म्हणालो, "सर, दोन तास द्या. सगळा लॉट चेक करतो."

सर वाईट नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे ९० दिवसांनी येतात, बँकेचा हप्ता दर महिन्याला. ते म्हणाले, "टेम्पोच्या वेटिंगचे पैसे तू देणार?" माझे हात गार पडले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग, "आठपर्यंत."

सीएनसीवरच्या मामांची शिफ्ट संपली होती. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी न चुकवणारे. त्यांनी बॅग खाली ठेवली. "दे एक प्लग गेज इकडं."

५०० पैकी ३१ नगांत गो बाजू आत गेलीच नाही. मामा हात पुसत उठले आणि थेट सरांकडे गेले. "इन्सर्ट झिजला होता साहेब. मला कळलं होतं. बदलायला उशीर केला, चूक माझी."

एवढंच बोलून ते बस पकडायला गेले. मी तिथेच उभा. मार्चच्या लॉटबद्दल मी देवाला किती वेळा सांगितलं होतं. माणसाला एकदाही नाही.

शुक्रवारी सरांना म्हणालो, "मार्चच्या लॉटचं गिऱ्हाइकाला कळवायला हवं."

"सही तुझी आहे, माहितीये ना?"

"हो."

सरांनी चार दिवस विषय टाळला. पाचव्या दिवशी माझ्यासमोर फोन लावला. समोरून बराच आरडाओरडा झाला. पुढची ऑर्डर मिळेल की नाही, अजून कळलेलं नाही. माझं इन्क्रिमेंट मात्र थांबलंय.

त्या लॉटचे काही नग त्यांच्या स्टोअरमध्ये शिल्लक आहेत. ते मोजायला मला या रविवारी चाकणला जायचंय, म्हणजे उपासना हुकणार. मामा म्हणाले, "मी येतो, दोघं असलो की लवकर उरकेल." बाकीचे नग पंपात बसून गेलेत. ते कुठल्या शेतात फिरतायत, मला माहीत नाही.