तेरावी फेरी

परवा शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर पुन्हा तोच वाद झाला. रूममेट म्हणाला, "तुझा तो रॉकी मार्सियानो टायसन फ्युरीसमोर दोन राऊंडसुद्धा टिकणार नाही रे!" मी म्हटलं, लाव पैज. पैज अर्थातच मिसळीची. पण निकाल लावायचा कसा? मार्सियानो १९६९ सालीच गेला. शेवटी रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि एक छोटासा प्रोग्राम लिहायला बसलो. इंजिनियर माणूस दुसरं काय करणार!

आधी मार्सियानो माझा कोण ते सांगतो. कॉलेजात असताना मी वर्षभर बॉक्सिंग शिकलो. उंची पाच फूट चार इंच. समोरच्याचा ठोसा माझ्या नाकावर पोचायचा तेव्हा माझा हात अजून वाटेतच असायचा. आमचे सर म्हणायचे, "रडू नकोस, मार्सियानो बघ." मग बघितला. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जगज्जेत्या जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत आडवा केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खाली पडला होता. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिघांच्याही कागदावर तो मागे होता. आणि तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा! वॉलकॉट दोरांवर लोंबकळत खाली घसरला. मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हॉस्टेलवर ती क्लिप मी किती वेळा पाहिली त्याला गणतीच नाही.

तर प्रोग्राम. मार्सियानो: उंची पाच फूट दहा इंच, वजन साधारण ८४ किलो, हातांचा पल्ला ६८ इंच. फ्युरी: सहा फूट नऊ इंच, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, पल्ला ८५ इंच. हे आकडे भरल्यावर पुढे काय होणार ते कळायला प्रोग्रामची गरजच नव्हती. मार्सियानो हरला. पुन्हा चालवला, पुन्हा हरला. मग मी गुपचूप 'चिवटपणा' नावाचा एक कॉलम वाढवला आणि त्याला दहापैकी दहा दिले. मग जिंकायला लागला :-)

गंमत म्हणजे ही चलाखी माझ्या आधी होऊन गेली आहे. १९६९ साली अमेरिकेत मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने मार्सियानो आणि मुहम्मद अलीची माहिती एका कॉम्प्युटरला दिली. निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेल्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. अलीचं विजेतेपद १९६७ मध्येच काढून घेतलेलं, त्यामुळे तोही मोकळाच होता. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूच्या फेऱ्या केल्या, वेगवेगळे शेवटही चित्रित झाले. जानेवारी १९७० मध्ये फिल्म अमेरिकेतल्या थिएटरांत लागली. निकाल? मार्सियानोचा नॉकआउट, तोही तेराव्या फेरीत! युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला. क्लायंट बघून आउटपुट बदलायची आपली परंपरा बरीच जुनी दिसते.

'तेराव्या फेरीत' वाचलं आणि एकदम ट्यूब पेटली. आज विजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. १९८२ साली दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर दगावला, त्यानंतर पंधराच्या हळूहळू बारा झाल्या. म्हणजे आजच्या नियमांत वॉलकॉटची ती लढत बाराव्या फेरीला संपली असती आणि मार्सियानो गुणांवर हरला असता. ४९-० गेलं बाराच्या भावात. फ्युरी लांबच राहिला, माझा हिरो १९५२ च्या वॉलकॉटकडूनच हरत होता.

दोन मिनिटं खरंच वाईट वाटलं. मग लक्षात आलं की हेही बरोबर नाही. पुढे अजून तीन फेऱ्या आहेत हे माहीत असलेला माणूस बाराव्या फेरीत जसा लढतो, तसा ही शेवटचीच हे माहीत असलेला लढणार नाही. मार्सियानोने आपला दम पंधरा फेऱ्यांसाठी कमावला होता. त्याला तिथून उचलून आजच्या रिंगमध्ये ठेवला तर सोबत फक्त उंची आणि वजन येतं.

मग खरं उत्तर काय? फ्युरीसमोर तो बहुतेक हरला असता. हे टाइप करताना जिवावर येतंय, पण वजनगट उगाच केलेले नाहीत. ८४ किलोचा माणूस आज हेवीवेट म्हणून उतरणारच नाही, तो ९०.७ किलोपर्यंतच्या क्रूझरवेटमध्ये जाईल. तिथे मात्र त्याच्यासमोर कोणी सुखाने झोपलं नसतं. आणि रूममेटसाठी एक तळटीप: त्याच क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने २०२४ मध्ये फ्युरीला दोनदा हरवलं. दुसऱ्या वेळी फ्युरी त्याच्यापेक्षा साधारण पंचवीस किलोंनी जड होता.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या फिल्मचं काम झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ ला, विमान अपघातात मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. कॉम्प्युटरने त्याला जिंकवलं हे बघायला तो नव्हता.

असो. मिसळीचे पैसे मीच दिले. कॉलेजात मी एकच लढत लढलो, तीन फेऱ्यांची. गुणांवर हरलो. तेराव्या फेरीत बघून घेतलं असतं!