चाकरमानी चित्रं

जुलैची रात्र, रत्नागिरीचं एसटी स्टँड आणि माझ्या हातात पुठ्ठ्याची नळी. नळीवर प्लॅस्टिकचे दोन थर, वर सुतळीच्या चार गाठी. मुंबईच्या रातराणीला ओळखीचं कोण चढतंय, ते बघत मी छत्रीखाली उभी असायचे. कुणी ना कुणी सापडायचंच. "दादरला उतरलात की एवढं पोचतं कराल का हो?" नळी खिडकीतून आत गेली आणि गाडी हलली, की चित्र माझं राहायचं नाही. नायिकेच्या डाव्या हाताला सहा बोटं काढली गेलीत, हे घरी पोचता पोचता आठवलं तरी गाडी तोवर हातखंब्याच्या पुढे गेलेली असायची.

ही १९९०च्या आसपासची गोष्ट. दिवाळी अंकांसाठी चित्रं काढायची ती भर पावसात. टपालानं कथेची हस्तलिखित पानं यायची, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात संपादकांचं अक्षर: दोन कॉलम, उंची पाच इंच, तातडीने. बाकी सूचना नाहीत. कथा वाचायची, दोन दिवस डोक्यात घोळवायची. चित्र छापायच्या मापाच्या दीडपट काढायचं, कारण लहान झालं की रेघ घट्ट दिसते. पण फार बारीक रेघ लहान होताना गळून जाते, म्हणून हात आवरायचा.

आणि आमचा पाऊस! आयव्हरी कार्ड सर्द व्हायचं, क्रोक्विलच्या टोकातून शाई उतरली की कडेनं फुटायची. आई भाकऱ्या करून उठली की मी कागद घेऊन चुलीपाशी. चुकलेल्या रेघेवर पांढरा पोस्टर कलर, नाहीतर ब्लेडनं हलकेच खरवडणं. तिसऱ्या खरवडीला कागदाला लव सुटायची, मग नवा कागद. तो परवडायचा नाही. म्हणून पेन टेकवण्याआधी विचार व्हायचा. तो सद्गुण वगैरे काही नव्हता, आयव्हरी कार्ड महाग होतं एवढंच.

मूळ चित्रं परत येत नसत. मागायची पद्धत नव्हती, मागायला धीरही नव्हता. चाकरमानी गणपतीला गावी येतात, माझी चित्रं दिवाळीला यायची. अंकाच्या पानावर, मुंबईला गेलेल्या माणसासारखी थोडी बारीक होऊन, छपाईच्या शाईचा वास घेऊन.

त्या काळी चित्रं तरी जात होती. त्याआधी माणसांनाच जावं लागे. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले, पण घडले आणि गाजले मुंबईत. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' सुरू केला तोही तिथेच. रघुवीर मुळगावकरही मूळचे गोव्याचे. त्यांच्या हातचे देव कोकणातल्या घराघरांत कॅलेंडरांवरून पोचले, पण मुंबईहून. आमच्या मधल्या आळीतल्या अंतू बर्व्याला 'व्यक्ती आणि वल्ली'त रेषा दिली, ती कोल्हापुरात जन्मून मुंबईत इंजिनिअरची नोकरी केलेल्या वसंत सरवट्यांनी. ब्लॉक करणारे, छापखाने, संपादक सगळे तिकडे. इथे राहून चित्रकार व्हायचं म्हणजे शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायचं आणि पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचं.

आता मी इथेच राहून पोट भरते. रातराणीऐवजी वायफाय. पाऊस आला की ते जातं, मग गच्चीच्या भाटीमिऱ्याकडच्या कोपऱ्यात रेंज शोधत उभी राहते. स्टँडवरचं उभं राहणं अगदीच सुटलेलं नाही.

यंदाची दोन कामं सांगते. पहिलं, मुलांसाठी कातळशिल्पांचं पुस्तक. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, तेव्हापासून सड्यांवर माणसांची वर्दळ वाढली. मी कशेळीला गेले. हत्ती एवढा मोठा, की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. त्याच्या पोटात कोरलेले दुसरे प्राणी तेवढे दिसतात. सोबत भाची होती. टॅबवर काढताना दर दोन रेघांमागे एक मागे घ्यायची. मधेच थांबून म्हणाली, "मावशी, ह्यांनी अंडू कसं केलं असेल गो?" जांभ्यावर छिन्नी पडली की पडली. मी उत्तर दिलं नाही, पण तिच्या बॅगेतली साधी वही मागून घेतली आणि शिसपेन्सिलीनं काढायला बसले.

दुसरं काम आंब्याच्या बॉक्सचं. पूर्वी लाकडी पेटीवर बागायतदाराचं नाव काळ्या रंगात लिहिलेलं असे, की झालं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात कुठलाही आंबा रत्नागिरीच्या नावावर खपतो, म्हणून खऱ्या बागेला आता स्वतःचा चेहरा हवा असतो. अशाच एका बागवाल्या मुलानं निम्मे पैसे आगाऊ पाठवले, फोनवर, बोलता बोलता. माझ्या पहिल्या अंकाचं मानधन पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत पोचलं नव्हतं, हेही सांगायला हवं. आठवणी काढायच्या तर सगळ्या काढाव्यात.

पण बॉक्सवरचं ते पान, त्या फांद्या, तो क्यूआर कोडसाठीचा मोकळा कोपरा बारा वेळा परत आले. "ताई, हिरवा जरा कमी." "ताई, आधीचाच बरा होता." फाइलच्या नावापुढे 'फायनल' तीनदा लागलं. एका दुसऱ्या गिऱ्हाइकानं तर एआयनं केलेलं चित्र पाठवलं, म्हणाला, बोटं तेवढी नीट करून द्या. सहा होती. मला माझी नायिका आठवली आणि हसू आलं.

तेव्हा चित्र गेलं की परत यायचं नाही याची भीती होती. आता ते जातच नाही. पूर्ण झालं हे आधी गाडी ठरवायची. आता कोणीच ठरवत नाही.

मे महिन्यात बहिणीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते. शेजारच्या डब्यात कुणीतरी आंब्याचे बॉक्स चढवत होतं. माझे. बारा फेऱ्यांत त्याच्या-माझ्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मला लांबूनच दिसली: वरच्या पानाची मधली शीर नको तेवढी जाड झाली होती. बोट नकळत हवेत हललं, टॅबवर मागे घ्यायला हलतं तसं. गाडीनं शिट्टी दिली. बहीण खिडकीतून हात करत होती, मी मात्र शेजारच्या डब्याकडे बघत राहिले.