उठलेले मोहोळ

मराठीत 'मोहोळ उठणे' असा वाक्प्रचार आहे. आठवणींचे मोहोळ उठते, टीकेचे उठते, अफवांचेही उठते. या शब्दप्रयोगाचा जन्म अनुभवातून झाला, हे उघडच आहे. परंतु तो अनुभव कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे. तो दगड लागलेल्या मोहोळाखालून पळणाऱ्या माणसाचा आहे. म्हणून त्यात गोंगाट आहे, डंख आहे, आणि पहिल्या क्षणाची भीती आहे. दुसऱ्या दिवशी त्या मोहोळाचे काय झाले, याविषयी वाक्प्रचार काहीच सांगत नाही. पळणाऱ्याला ते दिसण्याचा संभवच नव्हता.

जो पळाला नाही, त्याला ते दिसले. मात्र येथे 'दिसले' हे क्रियापद जपून वापरावे लागते. जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर (१७५०–१८३१) हा मधमाशांचा सर्वांत सूक्ष्म निरीक्षक गणला जातो, आणि तो अंध होता. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टी मंदावू लागली व पुढे ती गेली. मारी-एमे ल्युलॅं हिने वडिलांचा विरोध असतानाही कायद्याने सज्ञान होईपर्यंत वाट पाहिली आणि त्याच्याशी विवाह केला. वाचन आणि लेखन यांत ती त्याची सोबतीण झाली. मोहोळाजवळचे डोळे मात्र त्याच्या सेवकाचे होते. फ्रान्स्वा बुर्नेन्स हा शेतकरी कुटुंबातला तरुण पेट्या उघडी, माशा हाताळी, पाही व सांगे. ह्यूबर ऐके, शंका काढी, पुन्हा पाहावयास लावी. शार्ल बॉने या निसर्गशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने ही निरीक्षणे १७९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्याला स्वतःला पाहता येत नाही, त्याला प्रश्न नेमका करावा लागतो. 'माशा बिथरल्या आहेत' एवढ्या उत्तरावर त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. किती वेळाने बिथरल्या, कोठून सुरुवात झाली, पिलांना अन्न भरविणे थांबले की चालू राहिले, हे त्याला हवे होते.

त्यासाठी ह्यूबरने जी पेटी बनविली, तिचे वर्णन साहित्याच्या अभ्यासकाला सहज रुचावे. बिजागरीने एका बाजूस जोडलेल्या लाकडी चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक पोळे. पुस्तकाची पाने उलटावीत तशा त्या उलटता येत. तिला त्याने नावही पुस्तकावरूनच दिले. अमेरिकेत १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथने सुट्या चौकटींची जी पेटी सिद्ध केली, तिच्या पूर्वजांत या पेटीची गणना होते. परंतु पुस्तक आणि मोहोळ यांत एक भेद आहे. पान उलटल्याने मजकूर बदलत नाही. मोहोळाचे पान उलटताच उजेड आत शिरतो, ऊब बाहेर जाते, गंधाची घडी विसकटते. जे वाचावयाचे, ते वाचण्याच्या कृतीनेच हलते. ह्यूबरच्या कार्याचे मोल हे की, या हलण्यालाच त्याने अभ्यासाचा विषय केले.

त्याचा सर्वांत मूलगामी हस्तक्षेप म्हणजे राणीमाशी काढून घेणे. त्यानंतर लगेच काहीच घडत नाही, हे पहिले आश्चर्य. कामकरी माशा पिलांना भरवीत राहतात, पोळ्यावरची वर्दळ नेहमीसारखी चालते. जणू वार्ता अद्याप पोहोचलेलीच नाही. काही काळाने एका जागी खळबळ सुरू होते व पसरते. माशा पिलांना सोडून पोळ्यावर सैरावैरा धावतात, एकमेकींच्या स्पर्शिकांना स्पर्शिका लावतात, दाराबाहेर येऊन परत फिरतात, आणि मोहोळाचा गुंजारवही बदलतो. काही तासांनी हा क्षोभ ओसरतो. मग साधारण एका दिवसात, कामकरी माशा व्हायच्या होत्या अशा काही कोवळ्या अळ्यांभोवतीची घरे मोठी केली जातात आणि त्यांना राणीचे अन्न मिळू लागते. अंड्यापासून सोळा दिवसांत राणी तयार होते, कामकरी माशीला एकवीस लागतात. जी धावपळ वेडसर वाटली होती, तिच्या पलीकडे ही व्यवस्था उभी राहते.

त्याहून बोलका प्रयोग परक्या राणीचा. राणी नेल्यावर बारा तासांच्या आत दुसरी राणी सोडली, तर माशा तिच्याभोवती गच्च कडे करून तिला कोंडतात. अनेकदा ती त्यातच मरते. अठरा तासांनी सोडली, तर कडे पडते, पण ते लवकर सैल होते. चोवीस तास लोटल्यावर सोडली, तर ती स्वीकारली जाते. राणी परकीच आहे, माशाही त्याच आहेत; बदलला आहे तो मधला काळ. पहिल्या राणीची आठवण पोळ्यातून विरल्याशिवाय दुसरीला जागा होत नाही. माणसाच्या शोकाची भाषा येथे लावण्याचा मोह होतो, आणि तो आवरणे बरे. माशांना शोक होतो, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि हानी समजण्यास आणि ती सोसून पुढे जाण्यास ठरावीक अवधी लागतो, एवढे या तासांतून निर्विवाद दिसते. ज्याचे डोळे हळूहळू गेले होते, त्याने हे तास मोजवून घेतले, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

ही वार्ता पोहोचते कशी, हेही ह्यूबरने विचारले. राणीला त्याने जाळीच्या आड ठेवले. जाळीतून स्पर्शिका आरपार जात होत्या, तोपर्यंत मोहोळ शांत राहिले. मग दोन जाळ्यांमध्ये अंतर ठेवले, म्हणजे गंध जाईल परंतु स्पर्श होणार नाही. आता माशा बिथरल्या आणि राणीघरे बांधू लागल्या. राणी काही बोटांवर होती. माशांच्या लेखी ती नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये कॉलिन बटलर यांनी या स्पर्शामागील 'राणीद्रव्या'ची कल्पना मांडली, आणि १९६० च्या सुमारास त्यातील प्रमुख आम्लाची रासायनिक ओळख पटली. राणीच्या सभोवारच्या माशा ते द्रव्य अंगावर घेतात व इतरांना देतात. हा पुरवठा तुटला की काही काळाने टंचाई जाणवते. प्रारंभीच्या शांततेचा उलगडा असा होतो.

पेटी उघडल्यानंतरची इतर 'विचित्र' वर्तनेही अशीच वाचावी लागतात. दारात काही माशा पोट उंचावून पंख फडफडवीत उभ्या राहतात. नवख्याला तो हल्ल्याचा पवित्रा वाटतो. वस्तुतः पोटाच्या टोकाजवळील ग्रंथीचा गंध त्या वाऱ्यावर सोडीत असतात, भरकटलेल्या बहिणींना घर सापडावे म्हणून. उलट खरा इशारा डोळ्यांना दिसतच नाही. नुकत्याच काढलेल्या नांगीचा नुसता गंधही माशांना चेतवितो, हे ह्यूबरने १८१४ च्या वाढीव आवृत्तीत नोंदविले. त्या गंधातील मुख्य द्रव्य १९६२ मध्ये ओळखले गेले. त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो. धुराने हा इशारा झाकला जातो, म्हणून मधपाळ आधी धूर करतो.

आणि व्यवस्था मोडल्याची खूणही असते. राणी गेली आणि तिच्या जागी दुसरी करण्याजोगी कोवळी अळीही उरली नाही, तर कालांतराने काही कामकरी माशाच अंडी घालू लागतात. त्या अफलित अंड्यांतून केवळ नर निपजतात, आणि मोहोळ क्षीण होत जाते. अशा माशा खरोखर असतात काय, हे ठरविण्यासाठी बुर्नेन्सने दोन मोहोळांतील प्रत्येक माशी हाती धरून तपासली. या कामास अकरा दिवस लागले. डोळ्यांना विसावा देण्यापुरताच तो थांबे. ग्रंथावर नाव ह्यूबरचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या अकरा दिवसांचे डंख बुर्नेन्सच्या बोटांना झाले होते.

सगळ्याच माशा हस्तक्षेप इतका सोसत नाहीत. ह्यूबरचा सारा ग्रंथ युरोपीय माशीवर उभा आहे. सह्याद्रीतील झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी पेटीत नांदते खरी, पण वारंवार छेडले तर एखाद्या दिवशी साठवलेला मध आणि पिले मागे टाकून सगळे मोहोळ निघून जाते. तिचे उत्तर क्षोभाचे नाही, निघून जाण्याचे आहे. रिकाम्या पेटीसमोर उभ्या राहिलेल्या मधपाळाला त्या उत्तराचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

साहित्याच्या समीक्षेलाही या साऱ्यातून काही घेण्यासारखे आहे. एखादी कृती, एखादा समाज, एखादे कुटुंबसुद्धा, उघडून पाहिल्यावर जे दिसते त्याला तेथील 'स्वभाव' म्हणण्याची घाई होते. दिसते त्यातले काही स्वभावाचे असते आणि काही उघडणाऱ्या हाताचे. दोन्ही वेगळे करण्यास साधन एकच: हात आवरून पुरेसे थांबणे, आणि थांबण्याचे तासही नोंदविणे. पहिल्याच तासात निघून गेलेल्या निरीक्षकाच्या वहीत एकतर शांतता असते किंवा आकांत. दोन्ही नोंदी खऱ्या असतात आणि दोन्ही अपुऱ्या.

बारा तासांनी सोडलेल्या परक्या राण्या मेल्या. त्यांच्या मरणाची वेळ कोणीतरी मोजली, म्हणून पुढच्यांना ती टाळता आली. आज राणी बदलावयाची झाली, तर मधपाळ नवी राणी लहानशा जाळीच्या पिंजऱ्यात घालून पोळ्यांच्या मध्ये ठेवतो. जाळीतून माशा तिला स्पर्श करू शकतात, मारू शकत नाहीत. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेचा घट्ट गोळा बसविलेला असतो. तो खाऊन वाट मोकळी करण्यास माशांना काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात तिचा गंध मोहोळाचा झालेला असतो. त्या दिवसांत मधपाळाने पेटी उघडावयाची नसते.