दर्भाचा कावळा

दहाव्याला बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. ‘काय इच्छा राहिली असेल?’ म्हणून जो तो काही ना काही कबूल करू लागला. मीही पुढं होऊन म्हणाले, ‘झाशी पाहायची राहिली. मी जाऊन येईन.’ तरी शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. पण शब्द दिला होता, म्हणून लक्ष्मी तालावर आले.

इथं गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे, राणी लक्ष्मीबाईंनी बांधवलेली. महाराज २१ नोव्हेंबर १८५३ला गेले. पोटचा मुलगा तान्हेपणीच गेलेला. म्हणून आदल्या दिवशी भाऊबंदांतला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि गेलेल्या मुलाचंच नाव त्याला दिलं : दामोदर. राज्याला वारस हवा होता, तसा अग्नी द्यायला, पिंड घालायलाही हवा होता. चीनमध्येही निपुत्रिकानं पुतण्या दत्तक घ्यायची जुनी रीत आहे. पूर्वजांपुढची उदबत्ती विझू नये म्हणून.

कंपनीनं १८५४मध्ये मोठा चमत्कारिक निवाडा केला. दत्तक मुलाला राजांचं खासगी द्रव्य मिळेल, राज्य मिळणार नाही. उत्तरक्रियेपुरता तो मुलगा, गादीपुरता नाही.

माझं नेमकं उलटं झालं. बाबांना मी एकटीच. १९५६च्या कायद्यानं घर माझ्याकडं आलं, त्यावर कुणी ब्र काढला नाही. अडलं ते अग्नीवर. बारा वर्षांत बाबांना न भेटलेल्या चुलतभावाला फोन करून बोलावलं. त्यानं मडकं धरलं, त्यानंच भडाग्नी दिला. बिचारा अवघडला होता. ‘ताई, तू देतेस का?’ असं हळूच विचारलंही त्यानं. मी ‘नको’ म्हणाले. चारचौघांसमोर वाद नको वाटला. आता तो राग गुरुजींवर काढता येतो, काकांवर काढता येतो. पण ‘नको’ मीच म्हणाले होते.

पर्समध्ये पुडीत तीळ होते. तळ्याच्या काठी दक्षिणेकडं तोंड करून बसले. मंत्र येत नव्हते. बाबांचं नाव तीनदा घेतलं, गोत्र सांगितलं आणि ओंजळीतून पाणी सोडलं. शेजारी कपडे धूत बसलेल्या बाईनं एकदा पाहिलं आणि बादली जरा बाजूला सरकवली.

कावळे होते तिथं, पुष्कळ. माझ्याकडं भात नव्हता.